भाकरी आणि बांगडी

भूपाल कळंत्रे रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला सूर्यास्त जाहीर करत. घरात ऐकायला बायको एकटी, पण आवाज असा की बसस्थानकाच्या नवव्या फलाटावर पोचावा. "अगं, आज सूर्यास्त सहा एकतीस. सहा दहाला ताटं वाढ." घर जैनांचं. सूर्य बुडाल्यावर अन्नाला हात लावायचा नाही, ही रीत सासूबाईंच्याही आधीपासूनची. पण सासूबाई आभाळाकडे बघून ताटं वाढत, भूपालराव घड्याळाकडे बघून. सांगलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर सगळ्या गाड्या हातातून गेल्या आणि वेळेवर सोडायला एक सूर्य तेवढा उरला.

त्रिशलाबाईंना याचा राग येत नसे आणि हसूही येत नसे. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची काही वाक्यं डोक्यावरच्या पंख्यासारखी होतात. चालू आहेत तोवर कुणी वर बघत नाही.

त्यांचं स्वतःचं जग निराळं होतं. गावातल्या एका हौशी नाट्यमंडळीत त्या तीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि नट अडला की पुढचे दोन शब्द त्याच्यापुरते पोचवायचे. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली होती. शेवटच्या अंकात एक म्हातारा नट मुलीच्या पत्राकडे बघत गप्प झाला. त्रिशलाबाईंना वाटलं, विसरला. त्यांनी वाक्य दिलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि प्रसंगाचा पार विचका झाला. पडदा पडल्यावर तो नट एवढंच म्हणाला, "बाई, मी थांबलो होतो. विसरलो नव्हतो." तेव्हापासून त्या संहितेपेक्षा नटाच्या तोंडाकडे जास्त बघत.

हे सगळं संपलं त्याला आता दीड वर्ष झालं होतं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, डोकं घुमतंय माझं. कसंतरीच होतंय." भूपालरावांची साडेदहाला निवृत्तांची सभा होती. "तुझी नाटकं पुरे कर. साखरपाणी घे आणि पड जरा," असं म्हणून ते दहा दहाला बाहेर पडले. दोन वाजता परत आले तेव्हा त्रिशलाबाई स्वयंपाकघरातल्या फरशीवर होत्या. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. तीन महिन्यांत हातपाय परत आले, बोलणंही परत आलं, पण कान गेले ते गेलेच. त्या सकाळबद्दल दोघांपैकी कुणीही पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

कान गेले हे म्हणणं तसं बरोबर नव्हतं. आवाज येत होता, उलट दोनदा येत होता. आधी बारीक, आणि अर्ध्या सेकंदाने तोच आवाज दीडपटीहून मोठा होऊन. बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असे आणि मागचा शब्द त्याच्यावर चढून बसलेला असे. बाजारातली सगळी श्रवणयंत्रं लावून झाली. प्रतिध्वनी काढायला गेलं की प्रत्येक यंत्र तीनचार सेकंदांत कानात शिट्टी फुंकायचं. चार डॉक्टरांनी चार तोंडांनी एकच सांगितलं, हे उलटवता येणार नाही.

मग मिरजेच्या एका इस्पितळात शमशाद मुल्लाणी भेटली. तिशीतली मुलगी, गणितात डॉक्टरेट केलेली, आणि गणित कानांच्या कामाला लावायचं खूळ डोक्यात घेतलेली. त्रिशलाबाईंना ऐकू येत नव्हतं म्हणून ती सगळं फळ्यावर लिहून दाखवत होती, आणि भूपालराव चष्मा सावरत तपासनिसासारखे प्रत्येक ओळ वाचत होते.

तिने लिहिलं ते साधारण असं. आवाजावर आपण काही क्रिया करतो. मोठा करतो, उशिरा सोडतो, दोन आवाज मिसळतो, एका क्रियेवर दुसरी करतो. अशा क्रियांचं एक कुटुंब असतं, त्याला गणितात बीजरचना म्हणतात. त्यातली कुठलीही एक क्रिया घ्यायची आणि तिच्यातून एखादा आकडा वजा करून बघायचा. उरलेली क्रिया पुसून मूळ आवाज परत मिळवता आला, तर ठीक. नाही मिळवता आला, तर तो त्या क्रियेचा अडेल आकडा. सगळे अडेल आकडे एकत्र घेतले की झाला तिचा वर्णपट. हा वर्णपट क्रियेच्या ताकदीबाहेर पसरत नाही, तिच्या मापाच्या आतच राहतो. आणि तो कधीही रिकामा नसतो.

"म्हणजे कुठंच न अडणारं काही नसतंयच?" भूपालरावांनी विचारलं.

"नाही काका. प्रत्येकाचं एक तरी अडायचं ठिकाण असतं," शमशाद म्हणाली आणि तेही फळ्यावर लिहिलं.

मग तिने एक भरीव गोल काढला आणि त्याखाली लिहिलं, भाकरी. अर्धा सेकंद उशीर करणं या क्रियेचा वर्णपट असा भाकरीसारखा भरीव असतो. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा लहान असता, तर त्याचा आकडा भाकरीच्या बाहेर पडला असता आणि साध्या यंत्राने काम भागलं असतं. काकूंचा प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मोठा, म्हणून त्यांचा आकडा भाकरीच्या आत. डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

"पण ते एका अटीवर खरं आहे," शमशादने पुढे लिहिलं. "आपण कुटुंब लहान धरलंय. त्यात फक्त येऊन गेलेल्या आवाजावर चालणाऱ्या क्रिया आहेत. पुढे येणारा आवाजही वापरायची मुभा दिली, तर कुटुंब मोठं होतं. जे आधी उलटवता येत नव्हतं त्यातलं बरंच उलटवता येतं. भाकरीचा मधला भाग गळून पडतो आणि नुसती कड उरते." तिने हातातली काचेची बांगडी काढून टेबलावरच्या कागदावर ठेवली आणि आतल्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने एक ठिपका दिला. "काकू, हा तुमचा आकडा. क्रिया तीच, आकडा तोच. आता तो पोकळीत आहे."

भूपालरावांना हे पटेना. "पुढं येणारा आवाज आत्ताच कुठनं आणणार? गाडी यायच्या आधीच तिकीट फाडायचं काय?"

"थांबायचं, काका. चार सेकंद थांबलं की पुढचे चार सेकंद आपल्या हातात असतात. मग शेवटाकडून मागे उलगडत यायचं. पुढे ढकलत गेलं की चूक वाढत जाते, तीच ती शिट्टी. मागे येताना दर अर्ध्या सेकंदाला चूक कमी होते. आठ पायऱ्यांनंतर शंभरात दोन उरते."

यंत्र कानामागे लावलं. शमशादचे ओठ हलले आणि मिटले. त्रिशलाबाई बघत राहिल्या. खोलीत काहीच झालं नाही, आणि मग स्वच्छ, एकेरी आवाज आला. "काकू, ऐकू येतंय?" नऊ महिन्यांनी त्यांनी माणसाचा शब्द ऐकला होता. त्या तिथेच खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडल्या, आणि स्वतःचं रडणं त्यांना चार सेकंदांनी ऐकू आलं.

चार सेकंद म्हणजे किती, हे घरी आल्यावर कळलं. लग्नात सगळे हसून गप्प झाले की त्या हसत. भाजीवाली भाव सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असे. पुण्याहून मुलगा, सुकुमार, फोनवर "आई, कशी आहेस?" विचारायचा आणि उत्तर येत नाही म्हणून पुन्हा तेच विचारायचा; पहिल्याचं उत्तर आणि दुसरा प्रश्न एकमेकांवर आपटायचे. माणसं चांगली होती, पण समोरचा गप्प बसून आपल्याकडे बघतोय हे चार सेकंद कुणालाच सोसत नव्हतं. सर्वांत वाईट अवस्था भूपालरावांची. "चार सेकंदांत आमची गाडी फलाट सोडून वळणावर जायची," ते म्हणत. वाक्य टाकून ते खोलीबाहेर पडलेले असत आणि त्यांचा आवाज मागून रिकाम्या दारातून यायचा. हळूहळू त्यांनी सूर्यास्त सोडून बाकीचं बोलणंच कमी केलं.

यावर शमशादच्या चमूने 'ओळख' काढली. घरातल्या माणसाचं बोलणं यंत्राने तीन आठवडे ऐकायचं आणि मग तो पुढच्या चार सेकंदांत काय बोलणार याचा अंदाज बांधायचा. पुढचा आवाज येण्याची वाट बघायची नाही, अंदाजच त्याच्या जागी मांडायचा. परक्या माणसासाठी चार सेकंद थांबायचं, ओळखीच्यासाठी अजिबात नाही. एकच बंधन होतं. अंदाज मध्येच बदलला तर पुन्हा शिट्टी वाजे, म्हणून एकदा धरलेलं वाक्य यंत्र संपेपर्यंत सोडत नसे.

भूपालरावांच्या बाबतीत यंत्र शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर निघालं. "काका, तुमच्यासारखा माणूस मिळायला आमच्या यंत्राला नशीब लागतं," शमशाद हसत म्हणाली. भूपालरावांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं. घर पुन्हा बोलतं झालं. त्यांनी विचारावं, बायकोने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, दोघांनी एखाद्या फालतू गोष्टीवरून भांडावं; त्रिशलाबाईंना यात इतका आनंद होता की त्या मुद्दाम भांडण उकरून काढत.

आता प्रश्न कायमच्या यंत्राचा होता. ते कानामागच्या हाडात बसवायचं होतं आणि त्यात मांडणी एकच कोरता येत होती, 'ओळख'सह किंवा 'ओळख'शिवाय. नंतर बदल नाही, कारण गुठळी होऊन गेलेल्या माणसाचं हाड दुसऱ्यांदा उघडायला कुणी धजावलं नसतं. गुरुवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. "यात विचार काय करायचाय?" भूपालराव म्हणाले होते. त्रिशलाबाईंनाही तसंच वाटत होतं. त्यांनी मनात 'ओळख'वर खूण केलेली होती.

सोमवारी संध्याकाळी त्या ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. मागे खुर्ची सरकली. "अगं, आज सूर्यास्त सहा तेहतीस. सहा दहाला ताटं वाढ," भूपालरावांचा आवाज आला. तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली होती. त्रिशलाबाईंनी मान वळवली नाही. "माहीत आहे हो! अडतीस वर्षं तेच ऐकतेय. जा, बाहेर जाऊन बसा." भूपालराव उठून बाहेर गेले. सहा दहाला ताटं वाढली, तर म्हणाले, भूक नाही.

ताटासाठी घाई करायची आणि जेवायचं नाही, ही कुठली तऱ्हा! मंगळवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, पण सूर्यास्त जाहीर झाला नाही. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "बरं आहे," असं उत्तर आलं, लगेच आलं. बुधवारी शेवटच्या तपासणीसाठी मिरजेला जायचं होतं. भूपालराव पहिल्यांदाच बरोबर आले नाहीत.

शमशादने पडद्यावर यादी काढली. यंत्र खरा आवाजही साठवून ठेवत असे, आणि अंदाज कुठे चुकला ते त्यावरून कळे. तीन आठवड्यांत एकेचाळीस चुका झाल्या होत्या. बहुतेक किरकोळ. दुधाऐवजी ताक, पेपरऐवजी चष्मा. "एक मात्र मोठी आहे," ती म्हणाली. "सोमवार, पाच वाजता. काकांचं वाक्य. अंदाज आणि खरा आवाज यांत काहीच जुळत नाही."

"सूर्यास्ताचं वाक्य? ते कसं चुकेल?"

उत्तराला चार सेकंद लागले नाहीत. शमशादही आता ओळखीत होती. "मी फक्त आकडा बघितलाय काकू, ऐकलेलं नाही. घरचं आहे ते." तिने कळ दाखवली आणि दार ओढून घेऊन ती बाहेर गेली.

त्रिशलाबाईंनी कळ दाबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांच्या स्वतःच्या हाताखाली भाकरी थापल्याचा पटपट आवाज. "अगं," भूपालराव म्हणाले आणि थांबले. भाकरी थापली जात राहिली. त्या थांबण्यातच यंत्राने सूर्यास्ताचं वाक्य देऊन टाकलं होतं, हे त्रिशलाबाईंना आता कळलं. मग भूपालरावांचा आवाज आला, पण फलाटावरचा नव्हे, असा की विंगेतसुद्धा पोचला नसता. "त्या दिवशी तू म्हणालीस, डोकं घुमतंय. मी थांबायला हवं होतं." आणि त्यातल्या शेवटच्या शब्दांवर त्रिशलाबाईंचा स्वतःचाच खणखणीत आवाज चढला. "माहीत आहे हो! अडतीस वर्षं तेच ऐकतेय. जा, बाहेर जाऊन बसा."

पुढे खुर्ची सरकली, तवा खडखडला, आणि काही नाही.

त्यांनी ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा लाज वाटली, अंगभर. दुसऱ्यांदा नवऱ्याची कीव आली. दीड वर्ष हा माणूस ते वाक्य घेऊन पाच वाजायची वाट बघत असणार. तिसऱ्यांदा मात्र राग आला, आणि तो यंत्राचा नव्हता. चार तास त्या फरशीवर पडून होत्या. तो राग त्यांनी इतके दिवस गिळून ठेवला होता, आणि त्याला पहिल्यांदाच बोलायला जागा मिळाली होती, तेव्हा यंत्राने त्यांना सहा तेहतीसचा सूर्यास्त ऐकवला होता.

शमशाद आत आली तेव्हा त्यांनी अर्ज पुढे ओढला होता. 'ओळखीशिवाय'वर खूण केलेली बघून ती बाकावर टेकली. "काकू, कायमचं आहे हे. घरच्यांशीसुद्धा उभा जन्म चार सेकंद. आणि चुका शंभरात तीनच होत्या."

"तीनच गं. पण माणूस जे रोज म्हणतो ते मला यंत्राशिवायही पाठ आहे. जे कधीच म्हणत नाही, नेमक्या त्याच्यावरच हे आपलं वाक्य टाकतंय. नवख्या प्रॉम्प्टरची चूक आहे ही. मी करून बसलेय एकदा." त्यांनी सही केली. "आत्ताच्या यंत्रातली ओळखही पुसून टाक. आज संध्याकाळपासूनच."

घरी पोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. भूपालराव व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. त्रिशलाबाईंनी आतून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्यासमोर, तोंड दिसेल अशी मांडली.

"ओळख काढून टाकली," त्या म्हणाल्या. "आता तुमच्यासाठीही चार सेकंद."

भूपालरावांचे ओठ भराभर हलले, हातवारे झाले, मग आवाज आला. "डोकं फिरलंय काय तुझं? चांगलं चाललं होतं की!"

"चांगलं चाललं नव्हतं. सोमवारी मला तुमचं बोलणं आलंच नाही. यंत्राने सूर्यास्त सांगितला आणि मी त्याला उत्तर दिलं. तुम्हाला नाही." भूपालरावांनी मान खाली घातली. "मिरजेला आज खरं ऐकलं मी. पण ते टेपवर. मला समोर ऐकायचंय. म्हणा पुन्हा."

भूपालराव बागेच्या फाटकाकडे बघत राहिले. चार सेकंद, मग दहा, मग त्रिशलाबाईंनी मोजणं सोडून दिलं. तोंडाशी आलेलं वाक्य पुरवायची त्यांची तीस वर्षांची सवय होती, आणि वाक्य तर त्यांना पाठ होतं. त्यांनी दात घट्ट दाबून धरले.

शेवटी भूपालरावांचे ओठ हलले. अगदी थोडे. आणि मिटले.

आता आवाज यायचा होता. भूपालरावांचा हात सवयीने खुर्चीच्या हातावर गेला, पायांत वहाण सरकवून झाली; वाक्य टाकलं की निघायचं, हे अंगात भिनलेलं. ते अर्धे उठले. बायको आपल्याकडे बघतेय, अजून तिच्यापर्यंत काही पोचलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते पुन्हा खाली बसले. जे बोलून झालं होतं ते त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, आणि तिला ऐकू येईपर्यंत ते तसंच घेऊन बसून राहिले.

मग त्यांचा आवाज आला.

"हो," त्रिशलाबाई म्हणाल्या. "थांबायला हवं होतं तुम्ही. चार तास मी त्या फरशीवर होते. दाराकडे बघत होते." एवढं बोलताना त्यांचा आवाज फाटला, आणि फाटलेला तो त्यांनाच मागाहून ऐकू आला. भूपालरावांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. ते काही बोलू लागले, अडले, पुन्हा बोलू लागले. प्रत्येक वेळी त्रिशलाबाई थांबल्या आणि प्रत्येक वेळी तेही थांबले.

स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ परातीत तसंच कोरडं पडलं होतं. बुधवारचा सूर्यास्त सहा चौतीसचा होता. व्हरांड्यात अंधार झाला, समोरच्या बंगल्यात दिवे लागले. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच, दोघं हजर असूनही, कळंत्र्यांच्या घरात ताटं वाढली गेली नाहीत, आणि घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.